कागद नसलेला १९६४ चा शास्टा ट्रेलर: टेक्सासमध्ये टायटल मिळवण्याच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

ऑस्टिनहून दीड तासावर, लॅनोच्या बाजूला एका रँचवरील पत्र्याच्या शेडमध्ये ट्रेलर पाहिला. सोळा फुटी शास्टा, हॅमच्या बंद डब्यासारखा फुगीर आकार, मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर पत्र्याचे पंख. त्यांतील डावा पंख अर्धा तुटलेला आहे. लॉस एंजेलिसच्या परिसरात १९४१ मध्ये रॉबर्ट ग्रे यांनी लष्करी लोकांच्या निवाऱ्यासाठी ही कंपनी सुरू केली आणि युद्धानंतर तिने कौटुंबिक सहलींचे ट्रेलर बनवायला घेतले, एवढे मला आधीपासून ठाऊक होते. प्रत्यक्ष हात लावण्याची वेळ मात्र पहिलीच. आतल्या भिंतीचे प्लायवूड पावसाने काळे पडले आहे, पण हम्फ्री कंपनीचा गॅसदिवा जागच्या जागी आहे आणि सांगाडा फारसा खचलेला नाही.

मालक सत्तरीपुढचे गृहस्थ. त्यांनी १९९८ मध्ये जमीन घेतली तेव्हा हा ट्रेलर शेडमध्येच उभा होता. आधीचे जमीनमालक आता हयात नाहीत आणि ट्रेलर त्यांचाच होता की आणखी कोणी ठेवून गेले होते, हे या गृहस्थांना माहीत नाही. टायटल, म्हणजे वाहनाच्या मालकीचा सरकारी दाखला नाही, जुनी नंबर प्लेट नाही, विम्याचा कपटाही नाही. किंमत १,८०० डॉलर.

पैसे काढले नाहीत. आधी नंबर, मग व्यवहार, हे घरून ठरवूनच निघालो होतो.

१० फेब्रुवारी, शनिवार

आजचा पूर्ण दिवस नंबर शोधण्यात गेला. सतरा अक्षरांचा एकसारखा व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, अमेरिकेत १९८१ च्या मॉडेल वर्षापासून सक्तीचा झाला; त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने अनुक्रमांक ठोकत असे. दाराजवळ पट्टी असावी अशी दोन रिकामी भोके दिसली, पट्टी नव्हती. राहिला पुढचा त्रिकोणी लोखंडी दांडा, ज्याला इथे टंग म्हणतात आणि ज्याच्या टोकाला गाडी जोडली जाते. त्यावर हिरवा, त्याखाली चंदेरी, त्याखाली काळा असे रंगाचे तीन थर होते.

ग्राइंडर किंवा सँडपेपर वापरायचा नाही, ही गोष्ट कोणालाही पहिल्याने सांगावी. ठोकलेली अक्षरे फार उथळ असतात, ती एकदा घासली गेली की परत येत नाहीत. शिवाय खोडलेला नंबर म्हणजे पोलिसांच्या दृष्टीने चोरीचा संशय, आणि जाणूनबुजून खोडणे हा गुन्हाच आहे. म्हणून रंग काढण्याचे द्रावण लावले, वीस मिनिटे थांबलो, पितळी तारांच्या ब्रशने हलक्या हाताने साफ केले आणि हीच कृती पुन्हा पुन्हा केली. चौथ्या वेळी उजव्या बाजूच्या लोखंडावर एक अक्षर उमटले आणि त्याच्या मागोमाग आकडे. त्यावर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली, तेव्हा डोळ्यांना न दिसणारा शेवटचा आकडाही कागदावर आला. तिसरा आकडा ३ आहे की ८, हे मात्र पेन्सिलनेही सुटले नाही. बॅटरी तिरकी धरली की ८ दिसतो आणि समोरून धरली की ३.

दोन्ही कोनांतून छायाचित्रे घेतली. पेन्सिलचे ठसे तीन प्रतींमध्ये काढून ठेवले.

१२ फेब्रुवारी, सोमवार

राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे व्हीटीआर-२७५ हा अर्ज टपालाने पाठवला. नंबरावरून टायटल आणि नोंदणीची पडताळणी मिळते आणि त्याचे शुल्क २.३० डॉलर आहे. आकड्याच्या शंकेमुळे दोन अर्ज केले, एक ३ धरून आणि दुसरा ८ धरून. वाहनचालकांची व्यक्तिगत माहिती जपणारा १९९४ चा केंद्रीय कायदा असल्यामुळे माहिती कशासाठी हवी याचे कारण अर्जावर लिहून सही करावी लागते. नुसत्या कुतूहलापोटी कोणाचे नाव-पत्ता मिळत नाही आणि ते योग्यच आहे.

हा खटाटोप आधी करण्यामागे हिशेब आहे. शेवटचा नोंदलेला मालक सापडला, तर त्यानेच व्हीटीआर-३४ भरून टायटलची दुय्यम प्रत मागवायची असते. टपालाने तिचा खर्च २ डॉलर. ती माझ्या नावे सही करून दिली की प्रश्न मिटला. तो मालक वारला असेल, तर सर्व वारसांनी व्हीटीआर-२६२ या वारस प्रतिज्ञापत्रावर नोटरीसमोर सह्या करायच्या. या दोन्ही वाटा बंद झाल्या तरच बाँडचा, म्हणजे जामीन कंपनीच्या हमीवर टायटल मिळवण्याचा, विचार करायचा.

२८ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही अर्जांना उत्तर एकच: नोंद नाही. टेक्सासमध्ये टायटलचा कायदा १९३९ पासून आहे, त्यामुळे १९६४ च्या ट्रेलरला कधीकाळी टायटल असण्याची शक्यता आहे, मग ते इथले असो वा दुसऱ्या राज्यातले. परंतु ज्याची नोंदणी दशकानुदशके कोणी नूतनीकृत केली नाही, ते वाहन आजच्या संगणकात नसणे मुळीच आश्चर्याचे नाही. नोंद नाही याचा अर्थ मालक नाही असा होत नाही. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे, कारण पुढच्या सगळ्या कागदांचे मूळ त्यातच आहे.

कारखान्याकडून काही मिळेल अशी आशा एका परिचिताने दाखवली. तिला अर्थ नाही. उत्पादकाचे मूळ प्रमाणपत्र पहिल्या टायटलच्या वेळी राज्य सरकार जमा करून घेते, आणि शास्टा कंपनी तर १९७० च्या दशकातच दुसऱ्यांच्या हाती गेली.

वर्माँटची पळवाटही आता नाही. ते राज्य पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांना बाहेरच्या राज्यातील माणसालाही केवळ बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या सहीच्या कागदावर, नोंदणी देत असे आणि कितीतरी जुनी वाहने त्या मार्गाने पावन झाली. २०२३ मध्ये तिथल्या विभागाने ते थांबवले. खरे सांगायचे तर मला ती वाट कधीच आवडली नव्हती. ट्रेलर टेक्सासमध्ये, मी टेक्सासमध्ये आणि कागद मात्र ज्या राज्यात पाऊल ठेवले नाही तिथला, हे पटत नाही.

२ मार्च, शनिवार

व्यवहार केला. रोख दिली नाही, बँकेचा कॅशियर चेक दिला, म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा राहतो. बिल ऑफ सेल दोन प्रतींत करून गावातल्या नोटरीसमोर सह्या झाल्या. त्यात माझ्या आग्रहावरून एक कलम घातले: पोलिसांच्या तपासणीत ट्रेलर चोरीचा निघाला, तर विक्रेता संपूर्ण रक्कम परत करील. गृहस्थ हसले, पण सही केली.

त्यांच्या मते जमिनीच्या खरेदीखतामुळे ट्रेलरही आपोआप त्यांचा झाला होता. तसे होत नाही. खरेदीखताने जमीन आणि तिच्याशी जोडलेले बांधकाम येते. चाकांवरचा ट्रेलर ही जंगम मालमत्ता आहे, ती स्थावराबरोबर हस्तांतरित होत नाही. सुदैवाने १९९८ च्या करारात शेडमधील सर्व सामान खरेदीदाराकडे राहील अशी एक ओळ निघाली. ट्रेलर हा शब्द त्यात नाही, तरीही त्या पानाची प्रत घेतली. दुधाची तहान ताकावर.

टायर कुजलेले असल्यामुळे आणि नोंदणी नसलेला ट्रेलर रस्त्यावर ओढणे बेकायदा असल्यामुळे फ्लॅटबेड ट्रक केला. येताना महामार्गावरील ट्रकथांब्याच्या वजनकाट्यावर भरलेला ट्रक चढवला आणि ट्रेलर घरी उतरवल्यावर परतीच्या वाटेवर चालकाला रिकामा ट्रक त्याच काट्यावर चढवायला सांगितला. फरक २,१४० पौंड आला. दोन्ही पावत्या धारिकेत लावल्या. नोंदणी वजनावर ठरते, तेव्हा ही पावती कधीतरी लागेलच.

रात्री आईचा कराडहून फोन आला. तिला छायाचित्रे फार आवडली. मग तिने विचारले, “अरे, कागद नाहीत म्हणतोस, मग चोरीची तर नाही ना?” महिनाभर मी जो प्रश्न दोन अर्जांतून विचारत होतो, तो तिने एका वाक्यात विचारला.

५ मार्च, मंगळवार

काउंटीच्या कर कार्यालयाच्या खिडकीवर गेलो. अपेक्षेप्रमाणे नकार मिळाला, पण नकाराची कारणे दोन खिडक्यांवर दोन निघाली. पहिल्या कारकून बाईंनी व्हीआयएन सतरा अक्षरी नाही म्हणून वाहन बनावट असल्याचे सुचवले. दुसऱ्यांनी, ट्रेलर ४,००० पौंडांच्या आत असेल तर टायटल लागतच नाही, असे सांगून मला जवळजवळ घरी पाठवले होते. ही सवलत हलक्या मालवाहू ट्रेलरांसाठी आहे. राहण्याच्या सोयीच्या ट्रॅव्हल ट्रेलरला वजन कितीही असो, टायटल लागते. वाद घातला नाही. प्रादेशिक सेवा केंद्राची वेळ घेतली. राज्यात अशी १६ केंद्रे आहेत आणि बाँडेड टायटलचा अर्ज तिथेच द्यावा लागतो, काउंटीत नव्हे.

१९ मार्च, मंगळवार

सेवा केंद्रात अर्ज परत मिळाला, आणि चूक सर्वस्वी माझी होती. व्हीटीआर-१३०-एसओएफ या वस्तुस्थितीच्या निवेदनात मी मॉडेल वर्ष १९६४ लिहिले होते, कारण शेगडीमागच्या पट्टीवर तेच वर्ष आहे; बिल ऑफ सेलवर मात्र विक्रेत्याने अंदाजाने १९६३ लिहिले होते आणि सही करताना माझ्या ते लक्षात आले नव्हते. सगळ्या कागदांवर वर्ष, उत्पादक आणि नंबर अक्षरशः एकच असले पाहिजेत. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने शांतपणे पेन्सिलने दोन्ही वर्षांभोवती वर्तुळ काढून कागद माझ्याकडे सरकवले.

दुसरे म्हणजे, राज्यात नोंदच नसल्यामुळे व्हीटीआर-६८-ए हवा. ही वाहनचोरी तपासाचे प्रशिक्षण घेतलेल्या पोलीस अधिकाऱ्याने केलेली नंबराची तपासणी असते आणि तिचे शुल्क ४० डॉलर. ३ की ८, याचा निकाल तोच देणार.

केंद्रात बसल्या बसल्या पर्यायही समजून घेतले. वाहतूक संहितेच्या कलम ५०१.०५२ खाली काउंटीच्या कर आकारणी-वसुली अधिकाऱ्यासमोर सुनावणी मागता येते, कलम ५०१.०५३ खाली सुनावणीऐवजी बाँड देता येतो. सुनावणीत साक्षीदार लागतील आणि माझा एकमेव साक्षीदार १९९८ च्या मागचे काही सांगू शकत नाही. म्हणून बाँड.

२५ मार्च, सोमवार

शनिवारी विक्रेत्याकडे जाऊन दुरुस्त बिल ऑफ सेलवर पुन्हा सही आणि नोटरी झाली. मूळ तारीख २ मार्चच ठेवली आणि दुरुस्तीची तारीख वेगळी नोंदवली. तारीख मागेपुढे करून विलंबाचा दंड वाचवता आला असता, तसा सल्लाही मिळाला होता. परंतु ज्या व्यवहाराचा सगळा डोलारा खरे बोलण्यावर उभा आहे, तिथे ही लांडीलबाडी कशाला?

९ एप्रिल, मंगळवार

उद्याची तपासणी पुढे गेली. कालच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा बरोबर याच टेकड्यांवरून गेला, लाखो माणसे इथे लोटली आणि तपास अधिकारीही आठवडाभर बंदोबस्तात अडकले. ग्रहण आम्ही ट्रेलरच्या दारात बसून पाहिले. ढग होते, पण अंधार झाला. आज पाडवा. ट्रेलरच्या खिडकीला गुढी बांधू या, असे बायको म्हणाली. कागद माझ्या नावावर होईपर्यंत नको, असे मी म्हटले आणि ते तिला मुळीच पटले नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

तपास अधिकारी सकाळी नऊला आले. मी धारिका पुढे केली, पण त्यांनी आधी कागद पाहिलेच नाहीत. ते सरळ टंगजवळ गुडघ्यावर बसले, खिशातून छोटे भिंग काढले आणि नंबराकडे नव्हे, तर नंबराच्या भोवतालच्या लोखंडाकडे पाहू लागले. घासल्याच्या खुणा, भराव घातलेले वेल्डिंग, कापून जोडलेला तुकडा, यांपैकी काही आहे का हे ते बोटाने चाचपत होते. पुढे त्यांनी अक्षरांमधील अंतर आणि ओळीची वाकडी चाल पाहिली. हाताने एकेक ठसा ठोकताना कामगाराचा हात थोडा हलतो आणि अंतरे असमान पडतात. इथे नेमके तसेच होते. तिसऱ्या आकड्यावर त्यांनी खडूची भुकटी चोळून वरची पुसून टाकली. खाचेत राहिलेल्या पांढऱ्या रेषेने दोन्ही गोल डावीकडून बंद असल्याचे दाखवले. आठ.

मग त्यांनी गाडीत बसून राष्ट्रीय गुन्हे नोंदींमध्ये नंबर तपासला. ती संगणकीय यंत्रणा १९६७ ची, म्हणजे ट्रेलरहून तीन वर्षांनी लहान. चोरीची नोंद नाही. अर्जावर सही झाली, ४० डॉलरची पावती मिळाली. जाता जाता ते म्हणाले की, मी ग्राइंडर लावला असता तर त्यांनी सही केली नसती.

३० एप्रिल, मंगळवार

सेवा केंद्रात दुसरी फेरी. निवेदन, दुरुस्त बिल ऑफ सेल, कॅशियर चेकची प्रत, १९९८ च्या कराराचे ते एक पान, तपासणीचा अर्ज, छायाचित्रे, ओळखपत्र आणि १५ डॉलर शुल्क. निवेदनात माझ्याकडे वाहन कसे आले हे मी आधी दीड पान लिहिले होते. आज ते आठ ओळींवर आणले. भावना वगळल्या की आठ ओळीच उरतात.

बाँडच्या रकमेचे गणित इथे कळले. बाँड वाहनाच्या किमतीच्या दीडपट असावा लागतो. इतका जुना, वीस फुटांच्या आतला ट्रेलर किमतीच्या कोणत्याच तक्त्यात नसल्यामुळे किंमत ४,००० डॉलर धरली गेली. मी १,८०० दिले ही गोष्ट तिथे गैरलागू ठरली. म्हणून बाँड ६,००० डॉलरचा.

७ मे, मंगळवार

निर्णयाची सूचना हाती आली. सूचनेच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत बाँड घ्यायचा आणि घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत काउंटीत अर्ज करायचा.

१० मे, शुक्रवार

बाँड घेतला. तीन वर्षांसाठी एकरकमी हप्ता १०० डॉलर. कामाला पंधरा मिनिटे लागली, आणि एवढ्या महिन्यांत इतके सोपे काम हे एकच.

याला विमा समजण्याची चूक बरेच लोक करतात, मीही केली होती. इथे कंपनी माझ्यासाठी जामीन राहते. उद्या खरा मालक किंवा ज्याचा ट्रेलरवर बोजा आहे असा कोणी पुढे आला आणि त्याने हक्क सिद्ध केला, तर कंपनी त्याची ६,००० डॉलरपर्यंत भरपाई करील आणि नंतर ती रक्कम माझ्याकडूनच वसूल करील. म्हणजे १०० डॉलर देऊन मी माझे नव्हे, तर त्या न सापडलेल्या माणसाचे रक्षण विकत घेतले आहे. सातबाऱ्यावरचा बोजा पाहून जमीन घेणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजायला खरे तर इतका वेळ लागायला नको होता.

२३ मे, गुरुवार

पुन्हा काउंटीची खिडकी. या वेळी १३०-यू हा टायटलचा अर्ज, मूळ बाँड, निर्णयाची सूचना आणि बाकी सगळी धारिका. पलीकडे मार्चमधल्याच, बनावट वाहन म्हणणाऱ्या कारकून बाई होत्या. त्यांनी संगणकात नंबर घातला, संगणकाने तो सतरा अक्षरांचा नाही म्हणून नाकारला, त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी निर्णयाच्या सूचनेवरील नंबराकडे बोट केले. त्यांनी आतून वरिष्ठांना बोलावले. १९८१ पूर्वीच्या वाहनांसाठी वेगळी खूण करावी लागते, ती त्यांनी केली आणि नंबर गेला.

त्यानंतर वजन विचारले. मी ट्रकथांब्याच्या दोन पावत्या काढून ठेवल्या. आजच्या दिवसातील हा एकच क्षण मला मनापासून आवडला.

विक्रीकर ६.२५ टक्क्यांनी ११२.५० डॉलर झाला. खरेदीपासून ३० दिवस केव्हाच उलटून गेल्यामुळे वर विलंबाचा दंड भरला. टायटलचे शुल्क काउंटीप्रमाणे २८ किंवा ३३ डॉलर असते, नोंदणीचे या वजनाला ४५ आणि वर स्थानिक शुल्के. प्लेट आणि नोंदणीची पावती लगेच मिळाली. टायटल टपालाने येईल.

२४ जून, सोमवार

टायटल आले. माझे नाव, १९६४, शास्टा, तिसरा आकडा ८. शेऱ्याच्या जागी बाँडेड असा शब्द आहे. बाँडची मुदत १० मे २०२७ ला संपेल. तोवर विकायचा झाला, तर खरेदीदाराला हा शब्द आधी दाखवीन. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला. पेन्सिलचा ठसा आणि १९९८ च्या करारातील पान घरच्या धारिकेत राहतील, कारण कोणी हक्क सांगत आलाच तर त्याला दाखवायला माझ्याकडे तेवढेच आहे.

संध्याकाळी प्लेट बसवली. अमेरिकेत प्लेटचे माप १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १२ बाय ६ इंच असे एकच आहे, त्यामुळे साठ वर्षांपूर्वीच्या गंजक्या पट्टीवरची भोके नव्या प्लेटच्या भोकांशी तंतोतंत जुळली. प्लेटवरचा दिवा मात्र लागला नाही. वायर उंदरांनी कुरतडली आहे. ते काम शनिवारी.